विमानातली झोप, जेट लॅग आणि उजेडाची वेळ

उत्तररात्र (धागाकर्ता)

गेल्या वर्षी कामानिमित्त मला पूर्वेकडच्या, आमच्यापेक्षा आठ तासांनी पुढे असलेल्या एका शहरात दोनदा जावे लागले. दोन्ही वेळा मार्ग तोच होता, विमानाची वेळ तीच होती आणि मुक्कामही दहा दिवसांचाच होता. पहिल्या खेपेस जेट लॅगमुळे, म्हणजे शरीर तिथल्या वेळेशी न जुळल्यामुळे, सहाव्या रात्रीपर्यंत मला धड झोप लागली नाही. दुसऱ्या खेपेस तिसऱ्याच रात्री मी सलग सहा तास झोपलो. या दोन प्रवासांमध्ये मी जाणूनबुजून एकच गोष्ट बदलली होती, आणि ती इतरांच्याही उपयोगी पडेल असे मनापासून वाटल्यामुळे हा धागा काढत आहे.

पहिल्या खेपेस विमान सकाळी सातला उतरले. उतरल्याबरोबर उन्हात फिरावे म्हणजे शरीर तिथल्या वेळेला लागते, हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला होता आणि तो मी निष्ठेने पाळला. सामान खोलीत टाकून आठ ते दहा मी नदीकाठाने चालत राहिलो, आणि पुढचे तीन दिवसही हाच क्रम ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी बैठकीत समोरचे गृहस्थ माझ्याशीच बोलत असताना माझी मान खाली गेली. त्याच रात्री तीन वाजून चाळीस मिनिटांनी, पडद्याच्या फटीतून आलेली रस्त्यावरच्या दिव्याची पिवळी रेघ छतावर कुठपर्यंत पोहोचते ते पाहत मी टक्क जागा होतो. पाचवा दिवस चौथ्याहून वाईट गेला. नुसता प्रवासाचा शीण असता तर तो रोज थोडा थोडा उतरला असता. माझा त्रास वाढत होता, कारण माझ्या शरीराचे घड्याळ पुढे सरकायच्या ऐवजी मागे मागे चालले होते. आणि ते मागे ढकलण्याचे काम मीच रोज सकाळी नदीकाठी जाऊन करत होतो. हे मला घरी परतून या विषयावर वाचन केल्यानंतर उमगले.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस असे नाव आहे, आणि झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके व भूक यांची दैनंदिन लय हा पुंजका राखतो. बाहेरून काहीच खूण मिळाली नाही, तर हे घड्याळ बरोबर २४ तासांचे चालत नाही. बहुतेक माणसांत ते थोडे लांबते. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळाविना जवळजवळ दोन महिने एका गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशोबाने ऑगस्टची २० तारीखच चालू होती. पुढे १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी काटेकोर मोजमाप करून मानवी घड्याळाचा सरासरी कालावधी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असल्याचे दाखवले. रोजची ही थोडीशी चूक सुधारते ती उजेडामुळे. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात, त्या चित्र पाहण्यासाठी नसून मुख्यतः उजेडाची नोंद घेण्यासाठी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचे द्रव्य असते आणि निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात.

आता मुद्द्याची गोष्ट. उजेड घड्याळाला पुढे ढकलतो की मागे, हे तो शरीराच्या कोणत्या वेळी डोळ्यांवर पडतो यावर ठरते. शरीराचे तापमान रोज पहाटे, आपल्या नेहमीच्या उठण्याच्या वेळेपूर्वी साधारण दोन ते तीन तास, सर्वांत खाली गेलेले असते. या नीचांकाच्या आधीच्या काही तासांत मिळालेला उजेड घड्याळ मागे नेतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. नीचांकानंतरच्या काही तासांत मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर येते. परिणामाची दिशा अगदी या टप्प्यावर उलटते, आणि म्हणूनच इथली चूक महागात पडते.

माझाच हिशोब मांडतो. घरी मी सातला उठतो, त्यामुळे माझा नीचांक साडेचारच्या सुमारास. आठ तास पुढे असलेल्या शहरात घरचे पहाटेचे साडेचार म्हणजे दुपारचे साडेबारा. सकाळी आठ ते दहा मी उन्हात होतो, तेव्हा माझ्या शरीराची मध्यरात्र ते दोनची वेळ चालू होती. पुढे यायचे असताना मी मध्यरात्रीचे ऊन खात होतो.

दुसऱ्या खेपेस विमानतळावरून निघतानाच गडद काळा चष्मा लावला, खोलीचे पडदे ओढून मंद दिव्यात सकाळ काढली, आणि साडेबारानंतर मात्र चष्मा काढून साडेतीनपर्यंत मोकळ्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी ही सीमा साडेअकरावर आणली, तिसऱ्या दिवशी साडेदहावर. पूर्वेकडे जाताना शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवून घेते, असे मानतात. सीमा तेवढीच सरकवायची. काळा चष्मा लावून घराबाहेर पडताना थोडा संकोच वाटला, हे खरे. पण तिसऱ्या रात्रीच्या झोपेनंतर तो उरला नाही.

इतरांचे अनुभव, आणि मुख्यतः विमानात बसल्याजागी झोप कशी मिळवावी याबद्दल जाणकारांचे मत, इथे वाचायला आवडेल.


पायवाट

लेख दोनदा वाचला. माझा अनुभव मात्र तुमच्या निष्कर्षाशी जुळत नाही. मी गेली नऊ वर्षे वर्षातून एकदा मुलीकडे जाते. ती पश्चिमेला, आमच्यापेक्षा आठ तास मागे राहते. मी पोहोचल्या दिवसापासून मिळेल तेवढा वेळ अंगणात बसते, आणि दोन-तीन दिवसांत माझे सर्व सुरळीत होते. परत आल्यावर मात्र आठवडाभर अंग आंबलेले असते. ऊन जर अपाय करत असेल, तर मला तिथे का त्रास होत नाही?


उत्तररात्र (धागाकर्ता)

पायवाट, तुमच्या अनुभवात विरोध नाही. दिशेचा फरक आहे. तुमची उठण्याची वेळ मला ठाऊक नाही, म्हणून माझीच धरतो. माझा साडेचारचा नीचांक आठ तास मागे असलेल्या गावी आदल्या संध्याकाळी साडेआठला येईल. त्याच्या आधीचा, म्हणजे दुपारपासून सूर्य मावळेपर्यंतचा उजेड घड्याळ मागे नेणार, आणि पश्चिमेकडे गेल्यावर आपल्याला नेमके मागेच जायचे असते. तुम्ही अंगणात दुपारी-संध्याकाळी बसत असाल, तर न ठरवताही योग्य वेळी उजेड घेता आहात. शिवाय आपले घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा थोडे लांब असल्यामुळे दिवस ताणणे त्याला सोपे जाते. पश्चिमेकडे शरीर दिवसाला साधारण दीड तास जुळवून घेते, असे म्हणतात ते याचमुळे. परतीचा प्रवास हा पूर्वेचा प्रवास आहे, आणि तुमचा तो आठवडा तिथेच जातो. पुढच्या वेळी परतल्यावर पहिले दोन दिवस सकाळी घरातच मंद उजेडात राहून पाहा, आणि दुपारपासून बाहेर पडा.

एक पुस्ती जोडतो. दहा-अकरा तासांचा प्रवास दक्षिणोत्तर असेल, उदाहरणार्थ फ्रँकफर्ट ते जोहान्सबर्ग, तर दोन्ही ठिकाणच्या वेळेत उन्हाळ्यात फरकच नसतो आणि हिवाळ्यात तासाभराचा असतो. तिथे जाणवतो तो निव्वळ प्रवासाचा थकवा, आणि तो एका चांगल्या झोपेने जातो. थकवा आणि घड्याळाचा बिघाड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर लागू पडत नाही.


खिडकीजवळ

मी एकवीस वर्षे विमानात केबिन कर्मचारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे बसल्याजागी झोपण्याबद्दल अधिकाराने लिहू शकते, असे वाटते. हजारो माणसे झोपलेली आणि त्याहून जास्त माणसे झोपण्याची धडपड करत असलेली मी पाहिली आहेत.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की विमान ही झोपेला अवघड जागाच आहे, आणि तो दोष प्रवाशाचा नसतो. उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका ठेवलेला असतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारख्या नव्या विमानांत तो सहा हजार फुटांच्या जवळ ठेवता येतो, आणि त्यातून उतरणारी माणसे कमी कोमेजलेली दिसतात, हे माझे निरीक्षण आहे. कमी दाबामुळे रक्तातला प्राणवायू थोडा उतरतो, पोटातला वायू फुगतो, आणि झोप वारंवार चाळवते. हवेतली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून घसा कोरडा पडतो आणि डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या झोपण्यापूर्वी अवश्य काढाव्यात.

ज्यांना झोपायचेच आहे त्यांनी खिडकीची जागा घ्यावी. टेकायला भिंत मिळते, झडप आपल्या हातात राहते आणि शेजाऱ्याला वाट देण्यासाठी उठावे लागत नाही. स्वच्छतागृहाजवळची आणि आमच्या स्वयंपाकाच्या जागेजवळची रांग टाळावी. पडदा ओढलेला असला तरी तिथे रात्रभर गाड्यांच्या कड्या वाजतात, खण उघडतात आणि दिवा लागतो. शेवटच्या रांगेतल्या पाठी अनेकदा पुरत्या मागे कलत नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला कळकळीने सांगावीशी वाटते. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. पट्ट्याचा दिवा लागला की आम्हाला प्रत्येक प्रवाशाचा पट्टा डोळ्यांनी पाहावा लागतो. तो पांघरुणाखाली असेल, तर अंधारात वाकून, खांद्याला हात लावून उठवण्यावाचून आमच्याकडे पर्याय नसतो. नुकताच डोळा लागलेल्या माणसाला उठवताना आम्हालाही वाईट वाटते, आणि एकदा मोडलेली ती झोप बहुतेकांना परत लागत नाही. वरून बांधलेला पट्टा दिसला की आम्ही आवाज न करता पुढे जातो.

मानेची उशी बहुतेक लोक फुगीर बाजू मागे ठेवून लावतात. त्यामुळे डोके पुढे ढकलले जाते आणि झोप लागताच हनुवटी छातीवर पडते. ती बाजू पुढे, हनुवटीखाली घेऊन पाहावी. पाठ मागे कलवावी, कमरेच्या पोकळीत घडी केलेली शाल ठेवावी आणि पाय पूर्ण टेकतील असे पाहावे; पाय लोंबकळत असतील तर मांड्यांखाली रग लागते. इंजिनांची घरघर आपण विसरून जातो, पण मेंदू विसरत नाही, म्हणून कानांत बोळे किंवा आवाज दाबणारे हेडफोन असावेत. डोळ्यांवरची पट्टी नाकाच्या बाजूंनी उजेड आत येऊ न देणारी असावी.

मद्याबद्दल थोडेच लिहिते. त्याने झोप लवकर लागते, पण दोन-तीन तासांनी मोडते, आणि नंतर तहानेने व डोकेदुखीने माणूस बेजार होतो. जेवणासाठी जागे राहण्याची सक्ती नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. झोपणार असल्याचे आधीच सांगून ठेवले, तर सहसा कोणी उठवत नाही.


सौम्यदीप

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. वरचे दोन्ही दीर्घ प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहेत, परंतु औषधांविषयी कोणीतरी सावधपणे लिहिणे आवश्यक आहे.

मेलाटोनिन हे संप्रेरक मेंदूतली पिनिअल ग्रंथी अंधार पडल्यावर सोडते. ते शरीराला रात्र झाल्याची सूचना देते. नेहमीच्या झोपेच्या गोळीसारखे ते माणसाला गुंगवत नाही, म्हणून त्याची मात्रा वाढवण्यापेक्षा त्याची वेळ साधणे महत्त्वाचे असते. २००२ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, आणि पाच किंवा अधिक कालविभाग (टाइम झोन) ओलांडणाऱ्यांना, विशेषतः पूर्वेकडे जाणाऱ्यांना, मुक्कामी झोपण्याच्या वेळी मेलाटोनिन घेतल्यास फायदा होतो, असा निष्कर्ष काढला. ०.५ ते ५ मिलिग्रॅम या मात्रांचा घड्याळावरील परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. अधिक मात्रेने फक्त झोप लवकर लागते. ते दिवसा चुकीच्या वेळी घेतले, तर दिवसभर झापड राहते आणि जुळवून घेणे लांबते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी व अपस्माराच्या रुग्णांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काही देशांत ते दुकानात सहज मिळते, तर काही देशांत चिठ्ठीविना मिळत नाही, त्यामुळे सोबत नेणाऱ्यांनी चिठ्ठीही जवळ ठेवावी.

विमानात झोपेची गोळी घेण्याला माझा विरोध आहे, आणि मी तो स्पष्ट शब्दांत नोंदवतो. गोळीच्या अमलाखाली माणूस सहा-सहा तास एकाच वाकड्या स्थितीत, पाय न हलवता पडून राहतो. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडले आहे. निरोगी माणसात मुळातला धोका फार कमी असतो, हेही त्याबरोबर सांगायला हवे. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, गरोदर, पूर्वी गुठळी झालेल्या किंवा कर्करोगावर उपचार घेत असलेल्या व्यक्तींसाठी तो कमी नसतो. गोळीवर मद्य घेतले तर श्वासही मंदावतो. जाग येईल तेव्हा पावले वर-खाली करावीत, पोटऱ्या आवळून सोडाव्यात आणि दोन-तीन तासांनी एकदा तरी उठून चालावे. खिडकीजवळ यांनी सांगितलेली खिडकीची जागा झोपेला उत्तम असली, तरी अशा जोखमीच्या व्यक्तींना मी वाटेकडेचीच जागा घ्यायला सांगतो, कारण उठण्याचा कंटाळा त्यांना परवडत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळेच्या फरकाचा हिशोब प्रवासापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा. पूर्वेकडे दिवस आखडतो, पश्चिमेकडे लांबतो, आणि त्याप्रमाणे मात्रा बदलावी लागते. हा हिशोब विमानात बसून स्वतः करू नये.

धागाकर्त्यांना एक सूचना आहे. उठण्याच्या वेळेवरून काढलेला नीचांक हा अंदाज असतो. रात्री उशिरापर्यंत जागणारी आणि पहाटे उठणारी माणसे यांत दोन-तीन तासांचा फरक सहज पडतो, आणि सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय आपण केव्हा उठतो ती वेळ धरणे अधिक योग्य ठरते. तुम्ही सीमेआधीचा उजेड टाळलात, हे योग्य केलेत. तास-दीड तास चुकीला जागा ठेवावीच.


उत्तररात्र (धागाकर्ता)

सौम्यदीप, आभारी आहे. गजराशिवायच्या उठण्याची सूचना फार मोलाची आहे. मी कामाच्या दिवसाची वेळ धरली होती; सुट्टीच्या दिवशी मी पावणेआठला उठतो, म्हणजे माझी सीमा साडेबाराच्या नव्हे, सव्वाच्या सुमारास असायला हवी होती.


दोनदिवसीय

माझे प्रवास बहुतेक दोन रात्रींचे असतात. इतक्या थोड्या वेळात शरीर तिकडे वळवायचे, आणि वळू लागते तोच परत आणायचे, यात मला अर्थ वाटत नाही. मी मनगटावरचे घड्याळ घरच्याच वेळेवर ठेवतो, शक्य असेल तर झोपही घरच्या वेळेलाच घेतो, आणि घरी दिवस असेल त्या वेळेत बैठका ठेवण्याची विनंती आधीच करतो. ती दर वेळी मान्य होत नाही, पण विचारल्यास लोक नाराजही होत नाहीत. महत्त्वाच्या कामाआधी वीस मिनिटांची डुलकी घेतो. त्याहून अधिक झोपलो तर उठल्यावर अर्धा तास डोके जड राहते. कॉफी घेतो ती काम सुरू होण्याच्या सुमारास, आणि पुढच्या झोपेच्या आठ तास आधी बंद करतो, कारण प्यालेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही रक्तात असते. तीन दिवसांहून लांब मुक्काम असेल, तेव्हा मात्र मी धाग्यातली पद्धत वापरून पाहीन.


सोनपावली

लहान मुलांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आम्ही चार वर्षांच्या मुलाला घेऊन सात तास पुढे असलेल्या देशात राहायला गेलो. पहिल्या रात्री त्याला नऊला झोपवण्याचा आमचा प्रयत्न दोन तास चालला, आणि शेवटी तिघेही रडवेले झालो. त्याच्या शरीराची तेव्हा दुपारची दोनची वेळ होती, हे आज हा धागा वाचताना प्रथमच कळले, आणि त्याला रागावल्याचे फार वाईट वाटले.

दुसऱ्या रात्री आम्ही भांडणे सोडून दिले. दिवे मंद केले, स्क्रीन असलेली सर्व यंत्रे दूर ठेवली आणि तो जमिनीवर ठोकळ्यांचा पूल रचत बसला. पूल तीनदा कोसळला, चौथ्यांदा उभा राहिला, आणि साडेबाराला तो तिथेच चटईवर आडवा झाला. जागे राहिले तरी चालेल, पण उजेड मंद हवा आणि खेळ शांत हवा, एवढाच नियम आम्ही पुढे पाळला. सकाळी मात्र त्याला दहाच्या पुढे झोपू दिले नाही, आणि तो सहाव्या दिवशी साडेनऊला झोपू लागला. जेवणे पहिल्या दिवसापासून तिथल्या वेळेवर दिली. रात्री जाग आल्यावर मागितले तर थोडेसेच. यकृतासारख्या अवयवांना स्वतःची घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळेवर चालतात, असे नंतर वाचनात आले.


नवप्रवासी

मी प्रथमच लांबच्या प्रवासाला निघाले आहे, आणि माझा हिशोब कोणी तपासून द्यावा, अशी विनंती आहे. मला सहा तास पुढे असलेल्या शहरात जायचे आहे. विमान घरच्या वेळेनुसार रात्री दहाला सुटते आणि नऊ तासांनी, म्हणजे तिथल्या दुपारी एकला, पोहोचते. मी गजराशिवाय साडेसहाला उठते. जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस काम असल्याने झोपेच्या वेळा तासाभरापेक्षा जास्त बदलता येणार नाहीत.


उत्तररात्र (धागाकर्ता)

नवप्रवासी, तुमची विमानाची वेळ चांगली आहे. साडेसहाला उठता, म्हणजे नीचांक चारच्या सुमारास. जाण्यापूर्वीच्या तीन दिवसांत रोज वीस मिनिटे लवकर झोपा, तितकेच लवकर उठा, आणि उठल्याबरोबर अर्धा-पाऊण तास मोकळ्या उजेडात राहा. त्याने नीचांक तीनवर येईल. तो तिथल्या सकाळी नऊला पडतो.

अडचण विमानात येईल. तुम्ही पूर्वेकडे उडत असल्याने सूर्य लवकर उगवेल. तुमच्या शरीराच्या मध्यरात्रीच्या सुमारास खिडकीबाहेर लख्ख उजाडलेले असेल. तो उजेड तुमच्यासाठी चुकीच्या बाजूचा आहे. झडप बंद ठेवा, डोळ्यांवर पट्टी बांधा, आणि सुटल्यावर तासाभरात झोपायला लागा. जेवण विमानतळावरच उरका. घरचे चार वाजले, म्हणजे तिथले सकाळचे दहा झाले, की पट्टी काढा, झडप उघडा आणि त्यापुढे झोपू नका. उतराल तेव्हा दुपारचा एक असेल. त्या वेळचे ऊन तुम्हाला हितकारक आहे, ते सूर्यास्तापूर्वी तास-दोन तास आवर्जून घ्या. दुसऱ्या दिवशी आठपर्यंत काळा चष्मा, तिसऱ्या दिवशी सातपर्यंत. पहिल्या रात्री लवकर झोप येणार नाही, ही तयारी मनाशी ठेवा. मेलाटोनिनचे सौम्यदीप यांनी लिहिल्याप्रमाणे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.


नवप्रवासी

जाण्याचा प्रवास झाला, म्हणून कळवते. पट्टा पांघरुणावरून बांधला होता. मध्ये एकदा पट्ट्याचा दिवा लागल्याचा आवाज अर्धवट झोपेत ऐकला, पण मला कोणी हलवले नाही. घरच्या एकच्या सुमारास केबिनचे सगळे दिवे लावले गेले आणि न्याहारी वाटू लागले. पट्टी नसती तर माझी झोप तिथेच संपली असती. शेजारच्या काकूंना मी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्यांनी माझ्यासाठी ट्रे घेतला नाही. सलग नाही, पण सुमारे साडेचार तास झोप मिळाली. चारला झडप वर केली, तेव्हा ऊन इतके तीव्र होते की काही क्षण डोळे उघडवले नाहीत.

मी कोणतेही औषध घेतले नाही. पहिल्या रात्री झोप यायला दीड वाजला, दुसऱ्या रात्री साडेबारा. तिसऱ्या सकाळी चष्मा खोलीत विसरले आणि साडेसहालाच बाहेर पडले. त्याचा परिणाम जाणवण्याइतका झाला नाही, पण त्या रात्री आदल्यापेक्षा लवकरही झोप आली नाही. चौथ्या रात्री सव्वाअकराला दिवा मालवला आणि गजर होईपर्यंत जाग आली नाही.

परतीचा प्रवास पंधरा तारखेला आहे. तो पश्चिमेचा असल्याने संध्याकाळचा उजेड घ्यायचा, एवढे मला समजले आहे. परंतु विमान घरी पहाटे पाचला उतरते, तेव्हा लगेच झोपावे की रात्रीपर्यंत तग धरावा, हे मात्र ठरवता येत नाही.


खिडकीजवळ

पहाटे पाचला उतरून मी नेहमी गजर लावून दीड तास झोपत असे, दुपारी बारापूर्वी, आणि मग रात्री दहापर्यंत जागी राहत असे. गजर हाताच्या टप्प्याबाहेर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा, विमानतळावरून घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका.